सहा कोटी मंजूर झालेत, पण ईआरपी शेवटी घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईच्या उपनगरातलं विद्यापीठ, साधारण १२,००० विद्यार्थी, दोन परिसर मिळून १४ इमारती. व्यवस्थापन परिषदेने तीन वर्षांसाठी ६ कोटी मंजूर केलेत आणि संगणक विभागाची सूत्रं नुकतीच तुमच्याकडे आलीत. एक विक्रेता म्हणतो सगळं क्लाउडवर न्या. दुसरा म्हणतो एकच मोठी ईआरपी (प्रवेशापासून पगारापर्यंत सगळं एकत्र सांभाळणारी प्रणाली) घ्या, बाकीचं आपोआप होईल. तिसऱ्याला तळमजल्यावर नवं डेटा सेंटर बांधायचंय. वायफायच्या तक्रारी रोजच्या, आणि निकालाच्या दिवशी संकेतस्थळ हमखास बंद. सुरुवात कुठून करू?

तिघांनीही आपापल्या दुकानातला माल सांगितलाय, त्यात गैर काही नाही. पण तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: विद्यार्थी किती, याचा आकडा प्रवेश विभाग एक देतो, ग्रंथालय दुसरा आणि परीक्षा विभाग तिसरा. हे तीन आकडे जुळवायच्या आत ईआरपी आणलीत तर तिच्यात चौथा आकडा तयार होईल. म्हणून माझा क्रम असा: आधी यादी, मग ओळख (प्रत्येकाचं सगळीकडे चालणारं एकच खातं), त्याच्या बरोबरीने केबल आणि वायफाय, मग सर्व्हर व बॅकअप, आणि ईआरपी सर्वांत शेवटी.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. तुम्ही राज्य सार्वजनिक विद्यापीठ असाल तर ‘समर्थ’चा (केंद्र सरकारच्या विद्यापीठांसाठीच्या ईआरपीचा) प्रश्न आधी निकालात काढा. राज्यातल्या अनेक विद्यापीठांत ते लागू झालंय, आणि शासनाकडून तसे आदेश असतील तर स्वतंत्र ईआरपीची निविदा लेखापरीक्षणात अडकेल. अभिमत किंवा खासगी असाल तर मोकळीक जास्त. संलग्न महाविद्यालयं असतील तर विद्यार्थ्यांची मूळ नोंद महाविद्यालयाच्या खिडकीवर होते, तुमच्याकडे नाही, आणि खालचं सगळं दुप्पट अवघड होतं. सार्वजनिक विद्यापीठांसाठी २०१६च्या अधिनियमात माहिती तंत्रज्ञान मंडळाची तरतूद आहे. ते फक्त कागदावर असेल तर जागं करा, कारण विभागांमधले वाद मिटवायला तुमच्या पदापेक्षा त्याच्या ठरावाचं वजन जास्त.

पहिला महिना काहीही विकत घेऊ नका. एक तक्ता करा: प्रत्येक सेवा, ती कोणत्या यंत्रावर चालते, तिचा मालक कोण (व्यक्ती नको, पद लिहा), मुख्य पासवर्ड कोणाकडे, बॅकअप परत चढवून शेवटचं कधी पाहिलं. शेवटचा रकाना बहुतेक रिकामाच राहतो. कार्यप्रणालीची आवृत्तीही लिहा. सेंटओएस ७ची मुदत (नियमित सुरक्षा दुरुस्त्या मिळण्याची) ३० जून २०२४ला संपली, विंडोज सर्व्हर २०१२ची १० ऑक्टोबर २०२३ला, विंडोज १०ची १४ ऑक्टोबर २०२५ला. यातलं काही इंटरनेटला उघडं असेल तर ते पहिल्याच आठवड्यात फायरवॉलच्या आड घ्या. डोमेनही तपासा. एसी डॉट इनची नोंदणी अर्नेट या सरकारी शैक्षणिक नेटवर्क संस्थेकडे असते आणि संपर्काचा ईमेल कित्येकदा निवृत्त झालेल्या माणसाचा निघतो. संकेतस्थळाची ओळख पटवणारी एसएसएल प्रमाणपत्रं हाताने बदलायची पद्धत असेल तर ती आता निभणार नाही. त्यांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस आणि २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येते. नूतनीकरण आपोआप होईल अशीच सोय करा.

आता ओळख. तांत्रिक भाग सोपा आहे: खाती सांभाळायला कीक्लोक किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरी, त्यावर एकाच लॉगिनने सेवा जोडणारे सॅमल आणि ओआयडीसी हे प्रोटोकॉल, आणि प्रत्येक नवी सेवा त्यालाच जोडायची. ग्रंथालयाची ई-नियतकालिकं घरून वाचता यावीत म्हणून इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांच्या केंद्राची इन्फेड सेवा याच ओळखीवर चालते. अवघड आहे ते ठरवणं, की कोणती माहिती कोणाची. विद्यार्थ्याचं नाव, जन्मतारीख आणि अभ्यासक्रम यांचा मालक प्रवेश व पात्रता विभाग. कर्मचाऱ्याचा मालक आस्थापना विभाग. इतरांनी ती फक्त वाचायची. ग्रंथालयाला नाव चुकीचं दिसलं तर त्यांनी आपल्याकडे दुरुस्त न करता मूळ ठिकाणी कळवायचं. ही एक ओळ माहिती तंत्रज्ञान मंडळाच्या इतिवृत्तात येऊ द्या.

मग जुळवाजुळव, आणि वेळ खरा इथेच जातो. तुमचा पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) सोळा अंकी असेल तर एक्सेलपासून सांभाळा. एक्सेल संख्येचे पहिले पंधराच अंक नीट ठेवतं. २०२३०१६४०१२३४५६७ असलेली सीएसव्ही फाइल नुसती डबल-क्लिक करून उघडली तर पडद्यावर २.०२३०२ई+१५ दिसतं. लिपिक रकाना रुंद करतो, फॉरमॅट बदलतो, आणि शेवटचा ७ जाऊन तिथे ० आलेला असतो. फाइल सेव्ह झाली की ओळीने आलेल्या दहा विद्यार्थ्यांचा पीआरएन एकच होतो. व्हीलुकअप हे एक्सेलचं शोधसूत्रही बिनतक्रार चालतं आणि दहाही जणांना पहिल्याचे गुण दाखवतं. उपाय: फाइल डेटा मेनूतून आयात करायची, पीआरएनचा रकाना ‘टेक्स्ट’ ठेवायचा, आणि कोणत्याही विभागाकडून आलेल्या फाइलीत शून्याने संपणाऱ्या पीआरएनचं प्रमाण आधी मोजायचं. ते दहा टक्क्यांच्या आसपास हवं. शंभर टक्के निघालं तर फाइल परत पाठवा.

नावावरून जुळवू नका. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव. आधारवर क्रम वेगळा. लग्नानंतर आणखी वेगळा. श्रेयांक एबीसीत (श्रेयांकांच्या राष्ट्रीय बँकेत) चढवताना नेमकी हीच तफावत अडते. त्यात जुन्या नोंदी श्री-लिपी किंवा आयएसएमच्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असतील तर बाहेरून मराठी दिसणारा मजकूर आतून रोमन अक्षरांचा गोंधळ असतो. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘ऱ्य’ ‘ऱ्ह’ इथे ती चुकतात. तेवढ्या नोंदी वेगळ्या काढून माणसाकडून वाचून घ्या. जुळवणीसाठी पीआरएन आणि जन्मतारीख ही जोडी धरा. मोबाइल क्रमांक मुळीच धरू नका, दोन भावंडांच्या अर्जावर वडिलांचा एकच नंबर असतो. आधार क्रमांक ही तर चावी नकोच. तो जितक्या कमी ठिकाणी साठवाल तितकं २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखाली तुमचं ओझं कमी.

खातं उघडण्याइतकंच ते बंद करणं महत्त्वाचं. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आस्थापनेच्या पगारपत्रकात नसतात, म्हणून त्यांचं खातं सत्र अर्धं उलटल्यावर उघडतं आणि नंतर कोणीच बंद करत नाही. त्यांच्यासाठी नियुक्तिपत्राची शेवटची तारीख हीच खात्याची शेवटची तारीख ठेवा. मुदतवाढ मिळाली तर विभागप्रमुख कळवतील. माजी विद्यार्थ्यांचंही तसंच. गुगलच्या शैक्षणिक योजनेत पूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी जागा असते, आणि ती बहुतेक वेळा पाच-सहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांच्या व्हिडिओंनी भरलेली असते. दुहेरी पडताळणी सगळ्यांवर एकदम लादू नका. परीक्षा, वित्त आणि तुमचा स्वतःचा विभाग, एवढ्यांना पहिल्या तिमाहीत. परीक्षा विभागातलं चौघांनी मिळून वापरायचं एकच लॉगिन त्याच दिवशी बंद झालं पाहिजे, नाहीतर गुण कोणी बदलले याचा माग कधीच लागणार नाही.

हे कागदी काम चालू असताना केबलचं काम सुरू करता येतं. इमारतींमधली जुनी फायबर आधी पाहा. नारिंगी वेष्टन असेल तर बहुधा जुनी, कमी पल्ल्याची मल्टिमोड, आणि १० गिगाबिटला तिच्या ओएम१ प्रकारावर ३३ मीटर, ओएम२वर ८२ मीटर हीच मर्यादा. ती वाचवायच्या भानगडीत पडू नका. इमारतींमध्ये लांब पल्ल्याची सिंगल मोड टाका, २४ कोर (काचतंतू), आणि प्रत्येक इमारतीला दोन वेगळ्या वाटांनी. चार कोर आणि चोवीस कोर यांच्या किमतीतला फरक खोदाईच्या खर्चापुढे किरकोळ असतो. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल कधीच नको, अर्थिंगच्या फरकाने आणि विजेच्या कडकडाटाने स्विच जळतात. केबल आर्मर्ड घ्या, एचडीपीई पाइपातून न्या, आणि प्रत्येक चेंबरमध्ये दहा मीटर वेटोळं राखा. चेंबर पावसाळ्यात पाण्याने भरणारच, म्हणून जोड चेंबरमध्ये नको, इमारतीच्या आत हवा. खोदाई मेच्या अखेरीपर्यंत आटपायची, जूनमध्ये चर उघडा राहिला तर दिवाळीपर्यंत विसरा.

वायफायची तुमची तक्रार ‘सकाळी चालतं, दुपारी कनेक्टेड दिसतं पण नेट नाही’ अशी आहे. ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणाऱ्या पेट्या) वाढवण्याआधी डीएचसीपी (फोनांना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सेवा) पाहा. विंडोज सर्व्हरवर पत्त्याची मुदत मुळात आठ दिवस असते आणि एका /२४ जाळ्यात जेमतेम २५३ फोन मावतात. सोमवारी आलेल्या फोनने घेतलेला पत्ता तो पुढच्या आठवड्यापर्यंत सोडत नाही. दुपारच्या तुकडीला पत्ताच उरत नाही. मुदत दोन तास करा, वायफायसाठी /२१ द्या, म्हणजे दोन हजारांवर पत्ते होतात. याला एक रुपया लागत नाही, आणि निम्म्या तक्रारी इथेच थांबलेल्या दिसतील. सगळ्यांना एकाच सार्वजनिक आयपीमागे लपवलं असेल तर त्याची सुमारे ६४,००० पोर्टही (जोडण्यांचे क्रमांक) संध्याकाळपर्यंत संपतात, एका फोनच्याच शंभर-दीडशे जोडण्या उघड्या असतात. आठेक पत्त्यांचा संच द्या.

त्यानंतरच नवे ॲक्सेस पॉइंट. ते व्हरांड्यात ओळीने लावले तर एकमेकांनाच ऐकू जातात आणि भिंतीआडच्या वर्गाला काही मिळत नाही. साठ जणांच्या वर्गात एक, वर्गाच्या आत. दाटीच्या ठिकाणी ५ गिगाहर्ट्झवर २० मेगाहर्ट्झचीच वाहिनी ठेवा, शक्ती कमी ठेवा आणि २.४ गिगाहर्ट्झ एक सोडून एक पॉइंटवर बंद करा. विक्रेते ८० मेगाहर्ट्झवर वेगाचा आकडा दाखवतात, तो रिकाम्या वर्गातला असतो. स्विच घेताना पीओईची (केबलमधूनच दिल्या जाणाऱ्या विजेची) एकूण शक्ती वाचा. २४ पोर्टच्या स्विचवर बहुधा ३७० वॅट मिळतात, आणि २५ वॅट खाणारे पॉइंट लावले तर चौदावरच थांबावं लागतं. पंधरावा कधी चालतो, कधी नाही, आणि दोष पॉइंटवर जातो.

लॉगिनसाठी दर वेळी उघडणारं वेबपान काढून ८०२.१एक्स (फोन आपली ओळख देऊन स्वतःच जोडला जातो ती पद्धत) आणा. अर्नेटमार्फत एड्युरोम ही संस्थांची सामाईक वायफाय सेवा घेतलीत तर तुमच्या प्राध्यापकाला दुसऱ्या सदस्य संस्थेतही आपल्याच ओळखीने नेट मिळतं. रेडियसचं (ही ओळख तपासणाऱ्या सर्व्हरचं) प्रमाणपत्र मात्र नीट हवं. अँड्रॉइड ११पासून अनेक फोनांवर ‘प्रमाणपत्र तपासू नका’ हा पर्यायच नाही, त्यामुळे घरगुती प्रमाणपत्रावर चालणारी जुनी मांडणी नव्या फोनांवर जोडलीच जात नाही. इंटरनेटला एनकेएनची (राष्ट्रीय ज्ञान नेटवर्कची) जोडणी असेल तर ती मुख्य ठेवा आणि दुसरी खासगी कंपनीची घ्या, पण तिची केबल दुसऱ्या फाटकातून आत येते का, ते स्वतः जाऊन बघा. दोन कंपन्या आणि एकच खड्डा, असं मुंबईत सर्रास असतं.

क्लाउड की स्वतःचं, या प्रश्नाला मी तत्त्वाचा प्रश्न मानत नाही, तो लेखाशीर्षाचा आहे. तुमचे ६ कोटी भांडवली खर्चाचे असणार. क्लाउडचं बिल दरमहा येतं, आणि चौथ्या वर्षी ते कोणत्या शीर्षातून भागवायचं हे आज लिहून घेतलं नाही तर तेव्हा सेवा बंद पडते. बाहेरून लोक पाहतात ते संकेतस्थळ, निकाल, डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा), ईमेल हे बाहेर ठेवा. परिसरातले कॅमेरे, प्रयोगशाळांचा डेटा, मोठ्या फायली आत. आतल्यासाठी तीन सर्व्हरचा प्रॉक्समॉक्स (एका यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) संच तुमच्या आकाराला पुरतो. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३मध्ये याच प्रकारचं सॉफ्टवेअर विकणारी व्हीएमवेअर कंपनी घेतल्यावर कायमस्वरूपी परवाने बंद झाले, त्यामुळे जुन्या दरांवर आधारलेलं अंदाजपत्रक आता बिनकामाचं. बॅकअपच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक बाहेर, आणि बाहेरची कोणालाही पुसता न येणारी. दर तिमाहीत परीक्षा विभागाचा डेटाबेस कोऱ्या यंत्रावर परत चढवून बघा आणि किती तास लागले ते लिहा. सर्ट-इनचे (केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे) २८ एप्रिल २०२२चे निर्देश लागू आहेत असं धरूनच चाला: सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायचं, यंत्रांच्या नोंदी १८० दिवस देशातच ठेवायच्या.

निकालाच्या दिवसाला मोठा सर्व्हर हे उत्तर नाही. प्रत्येक जण पान उघडतो तेव्हा डेटाबेसला विचारणं हीच चूक. गुण गोठले की आदल्या रात्री प्रत्येक विद्यार्थ्याचं पान तयार करून साध्या फायली म्हणून ठेवा, त्या सीडीएनवरून (ठिकठिकाणच्या सर्व्हरांवरून फायली देणाऱ्या सेवेवरून) द्या, आणि आत येण्यासाठी वरची ओळख वापरा. नुसत्या आसन क्रमांकावर निकाल दिलात तर शेजारचा क्रमांक टाकून कोणीही कोणाचाही निकाल पाहतो. शाखानिहाय अर्ध्या तासाच्या अंतराने जाहीर करा. परीक्षेच्या कोणत्याही बदलाला घाई लावणाऱ्यांना २०१७ची आठवण द्या. मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिकांची ऑनलाइन तपासणी पुरेशा तयारीविना एकदम लागू झाली, निकाल महिनोन् महिने लांबले आणि कुलगुरूंना पद सोडावं लागलं.

म्हणून ईआरपी किंवा समर्थ, जे येईल ते, फक्त नव्या पहिल्या वर्षापासून चालू करा. जुन्या तुकड्या जुन्याच प्रणालीतून पास होऊन बाहेर पडू देत. तीन-चार वर्षं दोन प्रणाली सांभाळाव्या लागतात, लोक कुरकुरतात, पण एटीकेटीच्या जुन्या नियमांचं गणित नव्या प्रणालीत उतरवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. निविदेत तीन अटी टाका: दरमहा पूर्ण डेटा खुल्या स्वरूपात आणि रचनेच्या कागदांसह तुमच्या ताब्यात, करार संपल्यावर सहा महिने हस्तांतरणाची मदत, आणि पाच वर्षांच्या देखभालीचा दर आजच्याच निविदेत. नुसत्या सर्वांत कमी दरावर जाऊ नका, गुणवत्ता आणि दर दोन्ही धरणारी पद्धत मागा. वित्त व लेखा समिती आधी नाक मुरडेल, तिला देखभालीचे पाच वर्षांचे आकडे शेजारी मांडून दाखवा.

पैशांची माझी ढोबळ वाटणी: केबल, स्विच आणि साधारण ३५० ॲक्सेस पॉइंट मिळून पावणेतीन कोटी, सर्व्हर, साठवण, बॅकअप एक कोटी, यूपीएस आणि वीज ५० लाख, ओळख आणि जोडणी ४० लाख, फायरवॉल आणि सुरक्षा ५० लाख, उरलेलं ईआरपीचं जुळवणीकाम आणि राखीव. माणसं यातून घेता येत नाहीत, त्यांची पदं वेगळी मागा. दोन नेटवर्कवाले, दोन सर्व्हरवाले, एक डेटाबेसवाला आणि तक्रार खिडकीवर तिघे, याखाली हे चालत नाही.

राहिला तळमजल्यावरचा डेटा सेंटर. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. तुमच्या आवारात तेव्हा पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते जुन्या पहारेकऱ्याला विचारा आणि भिंतीवर खूण करून घ्या. खोली पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर हवी, गच्चीखालची नको, आणि वर किंवा शेजारी स्वच्छतागृह नको. बॅटऱ्यांसह एक रॅक टनाच्या घरात जातो, म्हणून स्लॅबचा भार स्ट्रक्चरल अभियंत्याकडून लेखी घ्या. बॅटऱ्या २५ अंशांवर ठेवा, दहा अंश वाढले की आयुष्य निम्मं होतं. जनरेटरचा चौथरा त्या पुराच्या खुणेच्या वर हवा. १२ ऑक्टोबर २०२०ला ग्रीड बिघडून मुंबईची वीज काही तास गेली होती, म्हणून डिझेल किमान आठ तासांचं धरा. दोन खोल्या, चार रॅक, दोन एसी आळीपाळीने चालणारे, एवढं तुम्हाला पुरतं. तिसऱ्या विक्रेत्याला आराखडा याच मापात आणि नव्या मजल्यावर काढायला सांगा, मग त्याचा दर बघू.